प्रबंधात पहिल्यांदा संदर्भ देतेयस ना, मग एवढं सांभाळ

घाबरू नकोस गं. संदर्भ लिहायची पद्धत एमएलए की शिकागो ते गाईडला विचार आणि एकच धरून ठेव, स्वल्पविराम कुठे टाकायचा ते हळूहळू जमतं. सुरुवातीला एवढं बघ:

१. नोट काढतानाच पान नंबर लिही. हंसा मेहता लायब्ररीत पुस्तक समोर असतं तेव्हा दोन सेकंदांचं काम आहे, नाहीतर ऐन सबमिशनच्या वेळी तेच पुस्तक दुसऱ्या कोणीतरी नेलेलं असतं, माझं अख्खं प्रकरण असं आठवडाभर अडकलं होतं.

२. आवृत्ती कुठली ते लिही, आणि हे खरंच मनावर घे. 'मा निषाद' हा रामायणातला श्लोकच बघ ना, आपल्या बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने काढलेल्या चिकित्सक (म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या) आवृत्तीत तो १.२.१४ (कांड, सर्ग, श्लोक) आहे आणि बाजारात मिळणाऱ्या प्रचलित प्रतीत १.२.१५. आता तू आवृत्ती न सांगता नुसता आकडा दिलास तर तपासणारा दुसरी प्रत उघडतो, तिथे भलताच श्लोक निघतो आणि त्याला वाटतं तू न बघताच लिहिलंयस.

३. स्वतः वाचलंय त्याचाच संदर्भ दे. दुसऱ्याच्या पुस्तकात सापडलेलं अवतरण असेल तर सरळ 'उद्धृत' म्हणून ते हातातलं पुस्तक सांग, त्यात कमीपणा काही नाही.

आणि हो, वाक्य आपल्या शब्दांत फिरवून लिहिलं तरी संदर्भ लागतोच, नवीन मुलं हमखास इथेच चुकतात.

झोटेरो वगैरे संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर सध्या राहू दे, एक वही पुरे. पहिली दहा पानं झाली की पाठव, मी बघते.