वायफाय आलं आन् पोट्टं हातचं गेलं?

"मॅडम, दिवाळीले फायबर घेतलं न् पोट्टं हातचं गेलं जी." समुपदेशनाला येणाऱ्या पालकांकडून हे वाक्य मी आता इतक्यांदा ऐकलंय की माणूस खुर्चीत बसायच्या आधीच अंदाज येतो. हे घर दारव्ह्याकडचं (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत), सहा एकर वावर, मुलगा नववीत, मोठी मुलगी पोलीस भरतीची तयारी करणारी. रात्री एक-एक वाजेपर्यंत गेम, सकाळी उठत नाही, बोललं की अंगावर येतो. एका रात्री बाबांनी राऊटरचा अडॅप्टरच काढून खिशात टाकला, तर पोरगं शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकून त्यांच्या वायफायवर बसलं, पासवर्ड त्याला माहीत होताच, त्यांचं नेट त्यानंच लावून दिलं होतं.

मी विचारलं, फायबरच्या आधी किती वाजता झोपायचा? "दहाले." का बरं? बाबा गप्प. आई म्हणाली, "डाटा संपे ना जी त्याचा."

गोम इथंच होती. दिवसाला दीड जीबीचा पॅक, जेवणं होईपर्यंत संपायचा, फोन आपोआप खाली. घरात झोपायचा नियम कधी कोणी केलाच नव्हता, ते काम रिचार्ज करत होता. आता ३९९ चा प्लॅन, जीएसटी धरून ४७१ रुपये, ३० एमबीपीएस स्पीड, आणि अनलिमिटेड म्हणतात त्यालाही बऱ्याच कंपन्यांची महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते, पण दिवसाचे ११० जीबी कोणतं घर संपवणार?

"व्यसनच लागलं म्हणायचं ना?" बाबांचा पुढचा प्रश्न. मला हा शब्द इतक्या लवकर वापरलेला आवडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या, २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, गेमिंग डिसऑर्डर आहे, पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं आणि हे साधारण १२ महिने चालणं असं सगळं बघतात. हा पोरगा कबड्डीला जात होता, पोटभर जेवत होता, तूर सवंगायला वावरात येत होता. झोप मात्र पार बिघडली होती आणि चिडचिड बरीचशी त्याचीच. (शाळा-जेवण सुटलं, जिवाचं बरंवाईट करायची भाषा आली तर मात्र वाट पाहू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.)

आणि राऊटर बंद केल्यावर खरी रडली ती मुलगी, तिची ऑनलाइन टेस्ट रात्री नऊला असायची. तिच्याबद्दल मात्र कोणी तक्रार घेऊन आलं नव्हतं.

मग ठरलं असं की राऊटर चालूच राहील, सेटिंगमध्ये एकेका फोनची वेळ लावता येते, मुलाचा दहाला बंद. ते जमत होतं फक्त मुलालाच, म्हणून त्यानंच लावलं आणि पासवर्ड बदलून ताईनं ठेवला. त्याच्या सिमचा डेटा पॅक बंद, नाहीतर त्याचा काय उपयोग. झोपताना सगळ्यांचे फोन सैपाकघरात, बाबांचापण. इथं बाबा अडले, "मी त कापसाचे भाव पाहतो जी." मुलगी पटकन म्हणाली, "भाव पाच मिंटात पाहून होते बाबा, तुम्ही बारा वाजेलोक रील पाह्यता." पोरगं पहिल्यांदा हसलं त्या दिवशी.

पहिले पंधरा दिवस जड गेले, दोनदा भांडण, एकदा ताट फेकणं. नंतर झोप साडेदहावर आली, रविवारी अजूनही कुरकुर असतेच. पुढं रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली, चार दिवस गावात नेट नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला बाबांचाच फोन, "मॅडम, पोट्ट्याचं ठीक हाय, मलेच करमून नाही राह्यलं जी."