पोर्टची क्रमवारी देतो, पण आधी पेन्शनचा फॉर्म भरा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: “आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. माझं वय ३९, पगार वर्षाला ६०,००० पौंड. मुलगी २०१७ ची. इंग्रज घरांत मूल जन्मलं की त्या सालची व्हिंटेज पोर्ट त्याच्या नावाने ठेवून द्यायची पद्धत असल्याचं एका सहकाऱ्याकडून कळलं. एक ब्रोकर २०१७ च्या पोर्टच्या १२ पेट्या १२,००० पौंडांना देतोय. त्यात टेलर्स, फोन्सेका, ग्रॅहम्स, डाउज आणि क्रॉफ्ट अशी पाच नावं आहेत. वर्षाला १२ टक्के वाढ, दहा वर्षांत तिप्पट आणि तीही करमुक्त, असं तो म्हणतो. दर्जा आणि सातत्य पाहता यातलं कोण वर, कोण खाली? पैसे तयार आहेत. पुढेमागे पुण्याला परतायचं म्हणून पाच वर्षांपूर्वी कंपनीच्या पेन्शनमधून बाहेर पडलो, त्यातून महिन्याला १८० पौंड वाचतात. कंपनी आपल्याइतकेच पैसे भरते, पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत.”

नमस्कार. विचारलंत त्याचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे.

(इतर वाचकांसाठी: गोव्याहून परतताना पिशवीत येते ती गोड लाल ‘पोर्ट वाईन’ ही नव्हे. ही पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली, आणि व्हिंटेज पोर्ट फक्त चांगल्या सालांची काढतात, दशकात साधारण तीनदा. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन सालं जाहीर होणं हा अपवाद.)

वरच्या पायरीवर टेलर्स, फोन्सेका आणि ग्रॅहम्स. १९६३ पासूनची मोठी सालं काढून बघा, या तिघांचा पाय क्वचितच घसरलाय. टेलर्स कडक आणि सावकाश उमलणारी, फोन्सेका भरघोस, ग्रॅहम्स जरा जास्त गोड. टेलर्स आणि फोन्सेका या दोघींच्या १९९४ ला ‘वाईन स्पेक्टेटर’ या नियतकालिकाने १०० पैकी १०० दिले होते. मला विचाराल तर सातत्यात फोन्सेका टेलर्सच्या तसूभरही मागे नाही. त्यांच्या खालोखाल डाउज, चवीला कोरडी. तिच्या २०११ ला त्याच नियतकालिकाने २०१४ ची सर्वोत्तम वाईन ठरवलं. क्रॉफ्ट मात्र १९८० च्या दशकात पार ढेपाळली होती. २००१ मध्ये टेलर्सवाल्यांनी ती विकत घेतली, २००३ पासून द्राक्षं पुन्हा पायाने तुडवायला लागले आणि ती सावरली. तुमच्या यादीत नसलेली किंता दो नोव्हाल १९९३ मध्ये आक्सा या विमा कंपनीकडे गेल्यापासून पुन्हा पहिल्या रांगेत आहे. तिची ‘नासिओनाल’ जेमतेम दोन-अडीच हेक्टरांतल्या कलम न केलेल्या वेलींची, तिच्या किमतीत दुर्मिळतेचा वाटा मोठा. कॉकबर्न्स १९७७ सारखं उत्तम साल जाहीर न करता बसली होती. एकेकाळचं मोठं घराणंही वीस-तीस वर्षं वाट चुकू शकतं, ते असं.

ब्रोकरने एक गोष्ट सांगितली नसणार. ग्रॅहम्स आणि डाउज (शिवाय वॉर्स, कॉकबर्न्स) सिमिंग्टन कुटुंबाच्या, टेलर्स, फोन्सेका आणि क्रॉफ्ट फ्लॅडगेट समूहाच्या. पाच लेबलं, मालक दोनच. याला तो ‘पोर्टफोलिओ’ म्हणतो!

आता किंमत. सातत्याने उत्तम असलेली पोर्ट पिणाऱ्याला लाभते, साठवणाऱ्याला लाभतेच असं नाही. १९८५ ची ग्रॅहम्स किंवा फोन्सेका आजही लिलावात बऱ्याचदा नव्याकोऱ्या २०१७ च्या आसपासच्या भावात मिळते. २०१७ पेक्षा तीन दशकं जास्त कोणीतरी भाडं भरून ती सांभाळली, पण आजच्या भावात त्याचा मोबदला जवळपास दिसतच नाही. शिवाय २०१७ ला खरी रंगत यायला वीस वर्षं तरी हवीत. दहा वर्षांनी विकायला काढाल तेव्हा ती धड नवी नसेल, धड जुनी नसेल.

१२ टक्के सोडा, ४ धरू. दहा वर्षांनी १२,००० चे सुमारे १७,८००. विकताना १० टक्के कमिशन गेलं की १६,०००. गोदाम आणि विमा पेटीमागे वर्षाला १५ पौंड, म्हणजे दहा वर्षांत १,८००. उरले १४,२००. पावणेदोन टक्केसुद्धा पडत नाहीत. पेट्या सोडवून घरी आणायच्या तर बाटलीमागे साडेचार पौंडांच्या आसपास अबकारी कर आणि वर २० टक्के व्हॅट. करमुक्तीची कथा अशी की वाईन ५० वर्षांत संपणारी वस्तू मानली तर नफ्यावर कर नाही. पण पोर्टची ख्यातीच मुळी दीर्घायुष्याची, त्यामुळे कर खातं ही सूट पोर्टला सहजी लावू देत नाही. वाईनमधल्या गुंतवणुकीवर एफसीए या ब्रिटनच्या वित्तीय नियामकाची देखरेख नाही, ब्रोकर बुडाला तर भरपाई योजनाही नाही. आणि पुण्याला परतणाऱ्या माणसाच्या १४४ बाटल्या इंग्लंडातल्या गोदामात कोण सांभाळणार? भारतात आणायच्या तर सीमाशुल्क भरता भरता फेस येईल.

पोर्ट एवढ्यावर पुरे. पत्र वाचताना मी अडलो ते तुमच्या शेवटच्या ओळींवर.

कंपनी तुमच्याइतके भरते आणि तुम्ही बाहेर पडलात! तुमचा हप्ता वर्षाला ३,६००. त्यावर ४० टक्के कर लागला असता, म्हणून हातात येणारा पगार कमी होतो फक्त २,१६० ने. तेच तुमचे महिन्याचे १८०. कंपनीचे आणखी ३,६००. म्हणजे खिशातून २,१६० गेले की खात्यात ७,२०० जमा. ब्रोकर दहा वर्षांनंतरचं तिप्पट दाखवतोय आणि त्याहून जास्त तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळत होतं, बाजार वाढो न वाढो. पाच वर्षांत पेन्शनमध्ये वाढ न धरताही ३६,००० झाले असते. तुमच्याजवळ व्याज धरून १२,००० आहेत. कंपनीचे १८,००० आता कोणी परत देणार नाही. शिवाय कायद्याने कंपनीला दर तीन वर्षांनी तुमचं नाव पुन्हा आपोआप घालावं लागतं. म्हणजे तुम्ही निदान दोनदा नको म्हटलंत.

‘परत जायचंय’ हे कारण मला दर महिन्याला कोणी ना कोणी ऐकवतं. अहो, परत गेल्याने पेन्शन बुडत नाही. ती तुमच्या नावावर तिथेच गुंतलेली राहते आणि ५७ व्या वर्षापासून काढता येते (२०२८ पासून ५५ ची अट ५७ होतेय). काढताना कर लागेल; तो कुठल्या देशात, किती, हे दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सीएला परतण्याआधी विचारा. पण कर जाऊनही दुपटीपेक्षा बरंच जास्त हाती राहील.

या १२,००० ना हात लावू नका. पत्रात दुसऱ्या बचतीचा उल्लेख नाही, म्हणजे ही तुमची अडीनडीची शिल्लक, आणि तिघांच्या घराला ती चार-पाच महिनेच पुरेल. मुलीच्या कॉलेजसाठी २०३५ पर्यंत नऊएक वर्षं आहेत. स्वतःच्या नावावर स्टॉक्स अँड शेअर्स आयसा (ब्रिटनमधलं करमुक्त गुंतवणूक खातं) उघडून साध्या इंडेक्स फंडात दरमहा जमेल तेवढं टाका, पेन्शनचा हप्ता सुरू झाल्यानंतर. पोर्ट हवीच असेल तर ग्रॅहम्सच्या २०१७ च्या सहा बाटल्या घ्या, ५०० पौंडांच्या आत बसतील, आणि तो खर्च म्हणून लिहा.

ब्रोकरला नाही कळवा. एचआरला याच आठवड्यात लेखी कळवा की पुन्हा सामील व्हायचंय, पूर्ण ६ टक्क्यांनी. सोबत दोन गोष्टी विचारा: हप्ता सॅलरी सॅक्रिफाइसने (म्हणजे करारातला पगारच तेवढा कमी करून) कापतात का, आणि पैसे कुठल्या फंडात जातात. उत्तरं आली की मला पाठवा, फंडाचं मग बोलू.