केंद्रात परतण्याची मुदत आणि करारातील नववे कलम

सोलापुरातील होटगी रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचकांच्या आई स्मृतिभ्रंशामुळे दोन वर्षांपासून पुण्याजवळच्या एका डिमेन्शिया केंद्रात राहत होत्या. तेथे पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, सोलापुरात आणून शस्त्रक्रिया झाली आणि सध्या त्या येथील एका रिहॅब सेंटरमध्ये आहेत. पुढच्या आठवड्यात डिस्चार्ज अपेक्षित असताना पुण्याचे केंद्र मात्र ‘खोली दुसऱ्यांना दिली, करार संपला, नव्या अनामत रकमेसह नव्याने प्रवेश घ्या’ असे फोनवर सांगत आहे. आईला परत घेण्याचा आदेश न्यायालयाकडून मिळेल का, असे त्यांनी विचारले आहे. अशा आशयाची पत्रे वारंवार येतात. या वाचकांची मुदत अगदी जवळ आल्यामुळे त्यांना हे उत्तर आधीच कळवले असून, इतरांच्या उपयोगासाठी येथे देत आहे.

असा आदेश मिळेल या आशेवर राहू नका. ज्या करारातील कर्तव्य अखंड बजावावे लागते आणि ज्यावर न्यायालयाला देखरेख ठेवता येत नाही, तो करार प्रत्यक्ष पाळायला लावता येत नाही, असे स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचे कलम 14 सांगते. आणि रुग्णाची चोवीस तासांची शुश्रूषा बहुधा याच वर्गात मोडेल. शिवाय दावा दाखल होऊन समोरच्याला समन्स बजावले जाईपर्यंत किती तारखा पडतात, हे ज्याने दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्याला सांगायला नको. तेव्हा प्रश्न न्यायालयाचा नसून, तुमचा जुना करार आजही लागू आहे की नाही, एवढाच आहे.

त्याचे उत्तर तुम्ही पाठवलेल्या कराराच्या नवव्या कलमात आहे. निवासी व्यक्ती सलग 60 दिवसांपेक्षा अधिक काळ केंद्राबाहेर राहिली आणि त्या काळातील राखीव शुल्क भरलेले नसले, तर करार संपुष्टात आल्याचे मानले जाईल, असे हे कलम म्हणते. करार संपण्यासाठी या दोन्ही गोष्टी एकत्र घडाव्या लागतात. तुमच्या पत्रावरील तारखेनुसार 53 दिवस झाले आहेत, म्हणजे फोनवर काहीही सांगितले गेले तरी पहिलीच गोष्ट अजून घडलेली नाही. दुसरी घडू न देणे तुमच्या हातात आहे, किंबहुना होते. कारण पहिल्या महिन्याचे राखीव शुल्क भरून दुसऱ्या महिन्याचे तुम्ही ‘आई तिथे नाहीतच, मग पैसे कशाचे’ असे म्हणून थांबवलेत. खोली राखून ठेवण्याचेच ते पैसे होते. करार सही करण्यापूर्वी वाचावा, हे सांगायला खरे तर वकील लागू नये.

थकलेले शुल्क आजच केंद्राच्या बँक खात्यात जमा करा आणि तपशिलात ‘नवव्या कलमानुसार राखीव शुल्क’ असे लिहा. त्याच दिवशी स्पीड पोस्टने आणि ईमेलने पत्र पाठवा: शुल्क भरले आहे, आई अमुक तारखेस परत येत आहेत, त्यांची फेरतपासणी करायची असल्यास केंद्राने रिहॅब सेंटरमध्ये आपला माणूस पाठवावा. आईंनी तुम्हाला करून दिलेल्या मुखत्यारपत्राच्या (पॉवर ऑफ ॲटर्नी) आधारे, म्हणजे त्यांचे मुखत्यार म्हणून, हे पत्र लिहू नका; कारण पुढे सांगतो. करारावर तुम्ही स्वतः ‘जबाबदार नातेवाईक’ म्हणून सही केली आहे, त्याच नात्याने लिहा. केंद्राने रक्कम परत केली तरी बिघडत नाही. देऊ केलेली पूर्तता समोरच्याने नाकारली, तर देऊ करणाऱ्याचे करारातील हक्क जात नाहीत, असे भारतीय करार अधिनियम, 1872 चे कलम 38 सांगते. केंद्रातील कोणी ‘नंतर भरले तरी चालेल’ म्हणाले होते, असे तुम्ही लिहिता. त्याचा व्हॉट्सॲप संदेश असेल तर जपून ठेवा. नुसते बोलणे असेल तर त्यावर विसंबू नका.

जुन्या कराराचा मी इतका आग्रह का धरतो, याचे कारण तुमचे मुखत्यारपत्र आहे. करार करताना माणसाला त्याचा अर्थ समजत होता का आणि आपल्या हिताचा सारासार विचार करता येत होता का, एवढेच करार अधिनियमाचे कलम 12 पाहते. दोन वर्षांपूर्वी आजार सुरुवातीच्या टप्प्यात होता आणि डॉक्टरांची तशी नोंद आहे, त्यामुळे आईंची त्या करारावरील सही टिकेल. मुखत्यारपत्राचे तसे नाही. ते देणाऱ्या व्यक्तीचे मन अक्षम झाले की मुखत्याराचा अधिकार संपतो, हे त्याच अधिनियमाच्या कलम 201 मध्ये आहे. ‘पुढे आईला काही समजेनासे झाले तर उपयोगी पडेल’ म्हणून केलेला नोटरीचा कागद नेमक्या त्याच क्षणी निकामी होतो. नवा करार झाला तर आईंच्या वतीने सही कोण करणार, ही अडचण उभी राहील, आणि वाढीव दर व अनामत यांचा बोजा तुमच्या एकट्याच्या नावावर येईल.

याच मुखत्यारपत्रावर जुळे सोलापुरातील आईंचा फ्लॅट विकून खर्च भागवण्याचा तुमचा विचार आहे. तो कृपया सोडून द्या. तसे खरेदीखत उद्या कोणीही आव्हानित करील, आणि तुमच्या पत्रावरून पाहता तुमच्या भगिनीच सर्वांत आधी करतील. मन अक्षम झालेल्या व्यक्तीच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याची जी तरतूद 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात होती, ती 2017 च्या कायद्यात राहिली नाही. म्हणून अशा प्रकरणांत राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाकडे जाण्याची वाट लोक धरतात. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्याने सोलापूरकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी आणि भगिनींची लेखी संमती यांची तयारी आतापासून करा. आदेश किती दिवसांत होईल, याचा अंदाज मी देणार नाही.

केंद्राचा दुसरा बचाव अधिक वजनदार असू शकतो: आईंची शुश्रूषा आता आमच्या आवाक्याबाहेरची आहे. ते खरे असेल तर कोणताही कायदा त्यांना भाग पाडणार नाही, आणि पाडू नये. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती सुधारली’ एवढेच लिहून घेऊ नका. वॉकर धरून किती चालतात, उठायला एका माणसाचा आधार पुरतो की दोघांचा, लघवीची नळी काढली का, पाठीला जखमा आहेत का, घास भरवावा लागतो का, हे डॉक्टरांकडून स्पष्ट नोंदवून घ्या. शस्त्रक्रियेचे कागद लेखी मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा 2002 चा नियम आहे.

एवढे करूनही केंद्राने नकार दिला, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रार सोलापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, कारण तक्रारदार राहतो तेथे ती दाखल करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे. केंद्राला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही. अनामतीचा परतावा आणि भरपाई मिळू शकते. अंतरिम आदेशही मागता येतो, पण तो मिळेलच असे मी म्हणणार नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो, आणि आयोगाचे कामकाज पाहिलेला कोणी त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. नववे कलमच अन्याय्य आहे असे म्हणायचे असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागेल.

आई केंद्रात पडल्या कशा, हा विषय केंद्राला शुल्काबाबत पाठवायच्या पत्रात मिसळू नका. त्याच्या तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे, आणि भरपाईची भाषा दिसताच केंद्राचा सूर बदलेल. मात्र सीसीटीव्हीचे चित्रण फार दिवस टिकत नाही आणि तुम्ही आधीच 53 दिवस घालवले आहेत, तेव्हा ते जपून ठेवण्याची लेखी विनंती वेगळ्या पत्राने लगेच करा.

शुल्काची पावती आणि केंद्राचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत रिहॅब सेंटरशी डिस्चार्जची तारीख पक्की करू नका. तेथे चार दिवस जास्त राहिल्याचे बिल नव्या अनामतीपेक्षा बहुधा कमीच होईल.