फोनवर ५जी, पण घरी नेट रांगतंय: मेढ्याच्या प्रश्नाला उत्तर

दादा, तुमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला. नवा ५जी फोन साताऱ्यात पोवई नाक्यावर सुसाट चालतो, घरी मात्र वर ५जी दिसत असूनही व्हिडिओ फिरत बसतो. मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म कागद अपलोड करताना तीनदा अडकला. म्हणून तुम्ही विचारताय, फोन बदलू का?

बदलू नका. फोन तोच आहे आणि साताऱ्यात चालतोय, म्हणजे अडचण वाटेत आहे. सातारा-सांगलीकडच्या टॉवरवर मी बरीच वर्षं काम केलंय. मुलीच्या फॉर्मचं वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ते चिन्ह. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याकडे ५जी सुरू झालं तेव्हा एअरटेलने ४जीच्या आधारावर चालणारी पद्धत घेतली, जिओने स्वतंत्र. आधाराच्या पद्धतीत टॉवरने 'माझ्याकडे ५जी आहे' एवढं कळवलं, तरी फोन ५जी लिहू शकतो. त्या क्षणी तुमचा डेटा ४जीवरूनच येत असेल.

आता वेग कुठून येतो ते. २जीचा एक चॅनेल, म्हणजे डेटा वाहायची वाट, २०० किलोहर्ट्झ रुंद होता. ३जीत तो ५ मेगाहर्ट्झ झाला, ४जीत २० पर्यंत गेला, आणि ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या बँडमध्ये (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात) १०० पर्यंत मिळतो. अँटेना वाढल्या, माहिती लहरीत भरण्याच्या रीती सुधारल्या, पण ही रुंदी सगळ्यात मोठी गोष्ट. एवढी सलग जागा खालच्या फ्रिक्वेन्सीत मोकळी नव्हती, म्हणून वर चढावं लागलं. त्याची किंमत आपण डोंगराकडचे लोक मोजतोय. ९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३३ सेंटीमीटर लांब, ती टेकडीच्या कडेवरून थोडीफार वळते. ३३०० ची जेमतेम ९ सेंटीमीटर, ती डोंगराआड फार उतरत नाही. जाड दगडी भिंतीत दमते आणि पत्र्यावरून तर परत फिरते. ७०० चा बँड लांब पोचतो, पण त्याची रुंदी कमी, त्यामुळे त्यावर शहरातला वेग मिळत नाही.

तुमचा फॉर्म अडकला त्याचं कारण बहुतेक वेगळंच आहे. टॉवरचा रेडिओ कित्येक वॅटने बोलतो, फोन सुमारे ०.२ वॅटने. म्हणजे टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला नाही. शिवाय ३३०० च्या बँडमध्ये येणं-जाणं आळीपाळीने एकाच वाटेवर होतं आणि पाठवण्याच्या वाट्याला वेळ कमी येतो. रेंजच्या काड्या भरलेल्या आणि फोटो मात्र जात नाही, हे असं होतं.

डोंगर आणि फोनचा क्षीण आवाज झाला, आता अडचणीची तिसरी जागा टॉवरच्या मागची, म्हणजे टॉवरला पुढच्या नेटशी जोडणारी लिंक. दहा हॉर्सपॉवरची मोटर बसवून पुढे दोन इंची पाइप जोडला तर शेवटच्या सरीला पाणी किती येणार? काही साइटवर (टॉवरच्या जागी) फायबर केबल पोचलेली नाही, तिथे पलीकडच्या टॉवरकडे तोंड केलेल्या मायक्रोवेव्ह डिशवरून सगळं गाव चालतं. कोयनेकडच्या एका साइटवर आमची अशी लिंक पावसाळ्यात ढासळायची, कारण जोराचा पाऊसच ती लहर शोषतो. एकदा वाऱ्याने डिश जरा फिरली, तेवढ्याने अख्ख्या खोऱ्याचं नेट गेलं. लोक नवीन फोन घेत होते, सिम बदलत होते, आणि दोष त्या डिशमध्ये होता. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

आता करायचं काय? सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, तिथे सिम स्टेटस उघडा (काही फोनमध्ये नाव थोडं वेगळं असतं). सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप) दिसेल, तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ९० चांगला, उणे ११० म्हणजे त्याच्या शंभरावा हिस्सा ताकद. घरात, अंगणात आणि टॉवरच्या बाजूच्या खिडकीत वेगवेगळा बघा. पत्र्याखाली आणि अंगणात मोठा फरक असेल तर फॉर्म अंगणातून भरा.

मग नेटवर्क मोड ४जीवर टाकून तोच कागद पाठवून बघा. तुमच्या भागात हेच लागू पडेल असं मला वाटतं. फॉर्मची मुदत जवळ असेल तर आज एवढंच करा, बाकीचं नंतर.

त्यानंतर पहाटे पाचला आणि रात्री नऊला वेग मोजा. पहाटे पळतंय आणि रात्री बसतंय, तर टॉवरवर गर्दी आहे किंवा मागचा पाइप अरुंद आहे. ते तुमच्या हातात नाही, कंपनीकडे तक्रार टाकून नंबर घ्या. दोन्ही वेळा सारखंच रडत असेल आणि अंगणातला आकडाही उणे ११० च्या आसपास असेल, तर डोंगर आडवा आहे. अंगणातला आकडा चांगला असूनही दोन्ही वेळा तेच, तर मला शंका मागच्या लिंकची.

दोन्ही वेळचा वेग, अंगणातला आकडा आणि टॉवर घरापासून कोणत्या दिशेला आहे, एवढं इथे टाका. पुढचं मी सांगतो.