गेमिंग फेस्टिव्हलमध्ये व्हॉलंटिअर म्हणून गेलं तर गेम खेळायला मिळतात का? पुढे गेम इंडस्ट्रीत त्याचा उपयोग होतो का?

मिळतात, पण शिफ्ट संपल्यावर. तोपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असतात. ज्या गेमसाठी तुम्ही जाताय त्याचीच रांग सगळ्यात लांब असते, आणि व्हॉलंटिअरचा टी-शर्ट अंगावर ठेवून त्या रांगेत मध्ये घुसलात तर पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावू नये असंच मी म्हणेन. फुकट पास आणि गेम एवढंच हवं असेल तर सरळ तिकीट काढून जा.

‘नुसती रांगच तर सांभाळायची असते’ असं तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात सहज लिहून गेलात. हे उत्तर मी त्या वाक्यासाठी लिहितेय.

रांगेच्या तोंडाशी उभं राहून ‘पुढचे चला’ म्हणणं कोणालाही जमतं. खरं काम शेपटाशी असतं, कारण तिथे येऊन उभा राहणारा माणूस तुमच्या भरवशावर आपले दोन तास घालवणार असतो. हिशेब साधा आहे. चार मशीन, वीस मिनिटांचा डेमो आणि दोन खेळाडूंच्या मध्ये चार मिनिटं: हेडफोन पुसायचे, आधीच्याने बदललेली सेटिंग्ज जागेवर आणायची, सेव्ह पुसून डेमो पहिल्यापासून लावायचा. म्हणजे तासाला दहा माणसं. हॉल बंद व्हायला दोन तास असतील तर वीस. एकविसाव्याला तुमचा नंबर लागणार नाही हे तिथल्या तिथे, तोंडावर सांगायचं.

मी एका मोठ्या गेमच्या स्टॉलवर होते. गेम बाजारात यायला अजून अवकाश होता, त्यामुळे सकाळपासून झुंबड. दुपारनंतर हाच हिशेब करून विसाव्या माणसामागे ‘रांग बंद’ची पाटी धरून उभी राहिले. लोक चिडले. एका गृहस्थांनी आवाज चढवला, ‘अजून दोन तास आहेत, बंद कसली करता?’ त्यांना गणित सांगितलं. कुरकुरत का होईना, ते दुसऱ्या हॉलमधले छोटे गेम बघायला गेले. तेवढ्यात आमचा शिफ्ट लीड आला. पाटी माझ्या हातातून घेतली, उलटी केली आणि टेबलाखाली सरकवली. म्हणाला, ‘रांग छोटी दिसली की स्टॉल पडल्यासारखा वाटतो. येऊ दे लोकांना, पुढचं पुढे बघू.’

पुढचं मलाच बघावं लागलं. हॉल बंद होत असल्याची घोषणा झाली तेव्हा रांगेत पंचवीस-तीस लोक उरले होते. सगळ्यात पुढे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, वडिलांबरोबर. गेममधल्या पात्राचा घरी शिवलेला पोशाख, हातात पुठ्ठ्याची तलवार. इतका वेळ धरून ठेवल्यामुळे मुठीचा चंदेरी रंग निघून तिच्या बोटांना लागला होता. तिला ‘आता नाही’ हे मी सांगितलं. वडिलांनी एवढंच विचारलं, ‘हे तुम्हाला दोन तासांपूर्वी माहीत नव्हतं का?’ माहीत होतं. लीड तेव्हा स्टॉलवर नव्हता.

रात्री त्याने ग्रुपवर फोटो टाकला, ‘शेवटपर्यंत तुफान गर्दी!’ दुसऱ्या दिवशी मी विषय काढला तर म्हणे, रांगेत उभं राहणं हाही फेस्टिव्हलच्या अनुभवाचा भाग असतो. नंबर लागणार असेल तर असेलही. नंबर लागणारच नाही हे आयोजकांना ठाऊक असताना माणसाला उभं ठेवणं ही फसवणूक आहे. अमेरिकेत 2004 पासून भरणाऱ्या पॅक्स या गेमिंग फेस्टिव्हलमध्ये मदतनिसांना ‘एन्फोर्सर’ म्हणतात आणि तिथे ‘लाइन कॅप झाली’, म्हणजे रांग बंद झाली, हे ऐकून लोक गुमान दुसरीकडे वळतात. त्याने पॅक्सचे स्टॉल पडल्यासारखे दिसत नाहीत.

असो. रांगेपलीकडचं काम म्हणाल तर मला सगळ्यात आवडतं ते छोट्या, एकट्या डेव्हलपरच्या टेबलावर उभं राहणं. तो सकाळपासून एकटा असतो, बाथरूमलाही जाता येत नाही. त्याला जाऊन सांगायचं, ‘दहा मिनिटं मी आहे, जाऊन या.’ त्याआधी दोनच गोष्टी विचारून घ्यायच्या: गेम अडकला तर रीसेट कसा करायचा, आणि गेम एका वाक्यात कसा सांगायचा. आणि खेळणारा अडला तर बोट दाखवून उत्तर सांगायचं नाही! लोक कुठे अडतात हेच बघायला डेव्हलपर तिथे आलेला असतो. एकदा एक मुलगा गेममधल्या बंद दारासमोर बराच वेळ उडी मारत राहिला, कारण शेजारची कळ भिंतीच्याच रंगाची होती. मी तोंड मिटून उभी राहिले आणि डेव्हलपर परत आल्यावर त्याला ते जसंच्या तसं सांगितलं. त्याने तिथेच लॅपटॉप उघडून कळीचा रंग बदलला.

स्पर्धेच्या सेटअपवर टाकलं तर आधीच्या खेळाडूचा वायरलेस कंट्रोलर मशीनपासून तोडला आहे ना, ते प्रत्येक सामन्याआधी बघा. तो बॅगेत पडल्या पडल्या दाबला गेला तरी चालू सामना पॉज होतो, आणि फायटिंग गेमच्या स्पर्धांत पॉज झाला म्हणून राउंड जातो. नेमका कोणाचा, यावर भांडण होतं आणि ते तुमच्यासमोर होतं.

लखलखाटाच्या सूचनेची पाटी कोणी ‘शोभत नाही’ म्हणून हलवू लागलं तर हलवू देऊ नका. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटामुळे साडेसहाशेहून जास्त लोकांना, बहुतेक मुलांनाच, इस्पितळात न्यावं लागलं होतं. गेमच्या वयोमर्यादेचंही तसंच. जर्मनीतल्या गेम्सकॉम या गेमिंग मेळ्यात वयोगटाप्रमाणे मनगटावर पट्टे बांधतात, त्यामुळे वाद कमी होतो. जिथे पट्टे नाहीत तिथे ‘माझा मुलगा घरी हेच खेळतो’ म्हणणाऱ्या आईबापांना तुम्हालाच नाही म्हणावं लागेल. नम्रपणे म्हणा, पण म्हणा.

करिअरचं विचारलंत. नुसतं बायोडेटात लिहून काही होत नाही. ओळखी होतात, त्यातही टेबल सांभाळल्याच्या जास्त टिकतात, कारण त्या माणसाला तुमचा चेहरा लक्षात राहतो. क्यूए (गेममधल्या चुका शोधणं) किंवा कम्युनिटीच्या (खेळाडूंशी संवाद ठेवण्याच्या) कामात जायचं असेल तर लोक गेमशी प्रत्यक्षात कसे झगडतात हे इतकं जवळून दुसरीकडे बघायला मिळणार नाही. प्रोग्रामिंग किंवा आर्टमध्ये जायचं असेल तर तेवढ्या वेळात स्वतःचा छोटा गेम पूर्ण करा, त्याचा उपयोग जास्त होईल.

हे सगळं डेमोच्या स्टॉलांबद्दल झालं. दारावर, नोंदणीला किंवा स्टेजमागे काम वेगळं असतं आणि सगळे लीड असे नसतात, चांगलेही भेटलेत. आणि नफ्यासाठी भरवलेल्या फेस्टिव्हलमध्ये दिवसभर फुकट राबायचं का, हेही आधी ठरवा. निदान ब्रेक आणि शिफ्टचे तास लेखी घ्या. पण फॉर्म भरण्याआधी आयोजकांना एक प्रश्न नक्की विचारा: रांग बंद करायचा अधिकार कोणाकडे आहे? ‘शेपटाशी उभ्या असलेल्या व्हॉलंटिअरकडे’ असं उत्तर आलं तर डोळे मिटून जा. ‘ते वेळेवर बघू’ म्हणाले तर स्टॉलवरची शिफ्ट घेऊ नका, नोंदणीचं टेबल मागा.