अ‍ॅल्युमिनियम आणि ईएन-24 या दोन्हींसाठी एकाच कोटिंगचे एंड मिल चालतील का?

आपल्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या संगणक-नियंत्रित मिलिंग मशीनवर) अ‍ॅल्युमिनियमची हाउसिंग आणि ईएन-24 या मिश्र पोलादाचे भाग असे दोन्ही काम चालते आणि विक्रेत्याने दोन्हींसाठी टायटॅनियम अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचे कोटिंग असलेले कार्बाइड एंड मिल (मिलिंगची फिरणारी कापण्याची हत्यारे) सुचवले आहेत, असे आपण लिहिले आहे. ईएन-24 साठी ते जरूर घ्यावेत, अ‍ॅल्युमिनियमसाठी मात्र घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅटलॉगमध्ये कठिणपणाचा आकडा ठळक छापलेला असतो, पण केवळ त्यावरून निवड केली तर फसगत होते. टायटॅनियम कार्बोनायट्राइडचा कठिणपणा सुमारे 3000 विकर्स, म्हणजे सोनेरी टायटॅनियम नायट्राइडपेक्षा बराच जास्त असतो. तरीही 400 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचे ऑक्सिडीकरण सुरू होते, म्हणून ते टॅपसारख्या (आटे पाडणाऱ्या हत्यारासारख्या) कमी गतीच्या कामालाच शोभते. याउलट आपल्याला सुचवलेल्या कोटिंगचे बळ उष्णतेत आहे. धार तापली की त्याच्या पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि सुमारे 800 अंशांपर्यंत तोच खालच्या कोटिंगचे रक्षण करतो. त्यामुळे फार कमी गतीवर या कोटिंगसाठी मोजलेले पैसे वाया जातात. शिवाय मिलिंगमध्ये प्रत्येक दात क्षणात तापतो आणि क्षणात थंड होतो. त्यावर कूलंट तुटक पडत राहिले तर कार्बाइडला बारीक तडे जातात, म्हणून ईएन-24 वर मी दाबाखालची हवाच वापरतो.

अ‍ॅल्युमिनियमची अडचण उष्णतेपेक्षा चिकटण्याची आहे. ज्या कोटिंगमध्येच अ‍ॅल्युमिनियम आहे, त्याला कापून निघालेले अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे चिकटण्याची प्रवृत्ती अधिक असते. शिल्लक होते म्हणून मी एकदा तसेच एंड मिल अ‍ॅल्युमिनियमवर लावले आणि फ्लूट (कापलेला धातू बाहेर नेणाऱ्या खाचा) भरून पहिल्याच पॉकेटमध्ये, म्हणजे कोरायच्या खोलगट भागात, एक मोडले. तिथे कोटिंग नसलेले, आरशासारखे पॉलिश केलेले, दोन किंवा तीन फ्लूटचे एंड मिल भरपूर कूलंटसह उत्तम चालतात. हाउसिंग एलएम-6 सारख्या ओतीव मिश्रधातूची असतील, तर त्यातील सुमारे 12 टक्के सिलिकॉन धार झिजवते. अशा वेळी टायटॅनियम डायबोराइड किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनच्या) कोटिंगचा जादा खर्च वसूल होतो.

धार पुन्हा लावून घेताना घासलेल्या बाजूवरचे कोटिंग निघून जाते, हेही दर ठरवताना धरावे.