दोन गुणांचे उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या सराव परीक्षेची विज्ञान भाग १ ची उत्तरपत्रिका मी काल रात्री दोनदा वाचली. धडे तुला समजले आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही दोन गुणांच्या बहुतेक प्रश्नांत तुझा एक गुण गेला आहे, आणि तपासणाऱ्याने हात आखडता घेतला असेही मला दिसत नाही. तुला जे कळले आहे ते कागदावर पूर्ण उतरलेले नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

‘हिवाळ्यात थंड प्रदेशात तलावाचा पृष्ठभाग गोठला तरी जलचर जिवंत राहतात’ या विधानाचे शास्त्रीय कारण तू एका ओळीत दिले आहेस: ‘कारण पाण्याचे असंगत आचरण.’ हे चूक नाही, पण हे त्या घटनेचे नाव झाले. त्या आचरणामुळे मासा कसा वाचतो, हे वाचणाऱ्याला तुझ्या उत्तरातून समजत नाही. तेच उत्तर असे लिहून पाहा. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. त्यामुळे तलाव थंड होताना वरचे पाणी जड होऊन तळाशी जाते आणि सगळे पाणी ४ अंशांवर येईपर्यंत हे चालू राहते. त्याहून थंड झालेले पाणी मात्र प्रसरण पावून हलके होते, म्हणून ते वरच राहते आणि तेथेच त्याचा बर्फ होतो. बर्फ उष्णतेचा दुर्वाहक असल्याने खालच्या पाण्यातील उष्णता सहजासहजी बाहेर जात नाही, ते पाणी द्रवरूपातच राहते आणि त्यात जलचर जगतात. ही वाक्ये क्रमांक घालून एकाखाली एक लिहिलीस, तर प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यातून निघाले आहे हे तपासणाऱ्याला चटकन दिसते. यातील बर्फ दुर्वाहक असल्याचे वाक्य गाळून पाहा. तलाव गोठतो, पण मासा का वाचला हे सांगायचेच राहून जाते. कारण लिहून झाल्यावर ही परीक्षा तू स्वतः घेत जा: एखादे वाक्य झाकले तर उत्तर अडखळते का? अडखळत नसेल तर ते वाक्य फाफटपसारा आहे आणि ते काढून टाकावे. पहिली ओळ म्हणून प्रश्नच पुन्हा उतरवून काढण्याची सवयही याच कारणासाठी सोड.

निकटदृष्टिता (लांबचे धूसर दिसणे) आणि दूरदृष्टिता (जवळचे धूसर दिसणे) यांतील फरक स्पष्ट करताना दोन रकाने आखलेस हे उत्तम, मात्र निकटदृष्टितेच्या रकान्यात पहिल्या ओळीला प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे तयार होते असे लिहून, समोर दूरदृष्टितेत तू बहिर्वक्र भिंगाचा चष्मा आणून ठेवलास. दोन्ही विधाने खरी आहेत, पण त्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. आडव्या ओळीत दोन्ही बाजूंना एकच निकष हवा: प्रतिमेसमोर प्रतिमेचे स्थान, भिंगासमोर भिंग. अलीकडे हा शब्द डावीकडे आला की पलीकडे हा शब्द उजवीकडे यायलाच हवा.

गणिताबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण तेथे तू सर्वांत जास्त घाई केली आहेस. २० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या अंतर्वक्र भिंगाची शक्ती काढताना तू थेट ५ लिहून मोकळी झालीस. दिलेली माहिती पहिल्या ओळीत चिन्हासह मांडली असतीस, म्हणजे नाभीय अंतर उणे २० सेंटिमीटर, अर्थात उणे ०.२० मीटर, तर शक्ती उणे ५ येते हे आपोआप दिसले असते. त्याखाली सूत्र (शक्ती म्हणजे १ भागिले मीटरमधील नाभीय अंतर), त्याखाली किमती घालून केलेली आकडेमोड आणि शेवटी एककासह उत्तर, उणे ५ डायॉप्टर, असे चार टप्पे वेगवेगळ्या ओळींवर यावेत. शेवटचा आकडा चुकला तरी सूत्र व मांडणी बरोबर असल्यास सहसा त्यांचे गुण मिळतात. नुसता आकडाच लिहिला आणि तो चुकला, तर देण्यासारखे काहीच उरत नाही. एकक न लिहिणे ही चूक मी इतक्या उत्तरपत्रिकांत पाहिली आहे, की तिच्यासाठी वेगळा लाल पेन ठेवावा असे वाटते.

समीकरणे संतुलित करून लिही, किरणाकृतीत किरणांवर बाण दाखव आणि आकृतीतील नावे शक्यतो उजवीकडे, आडवी लिही.

वेळेची भीती वाटत असेल तर साधा हिशेब कर. पेपर ४० गुणांचा आणि वेळ २ तासांचा, म्हणजे प्रत्येक गुणाला ३ मिनिटे मिळतात. तलावाचे वर लिहिलेले उत्तर ६ मिनिटांत आरामात होते, मात्र त्यासाठी पेन उचलण्याआधी अर्धे मिनिट मनात क्रम लावावा लागतो. उपप्रश्नाचा क्रमांक समासात ठळक लिही आणि दोन उत्तरांच्या मध्ये एक ओळ मोकळी सोड. आठवलेला मुद्दा नंतर घालायलाही ती जागा उपयोगी पडते.

विद्युत दिव्यात टंगस्टनची तार का वापरतात, तारे का लुकलुकतात आणि आवर्तसारणीच्या गणात वरून खाली जाताना अणूचे आकारमान का वाढते, ही तीन कारणे याच रीतीने, पुस्तक मिटून, घड्याळ लावून लिही आणि रविवारपर्यंत माझ्याकडे पाठव. मी ती तपासून, प्रत्येक वाक्यासमोर शेरा लिहून परत करीन.

तुझे
सर